पार्टी येणार आहे

घर विकायला काढलेला माणूस दुरूनच ओळखू येतो. त्याच्या खिशात पेनाच्या जागी पेचकस असतो, नखांत पुट्टी असते, आणि जन्मभर ज्या भिंतीला टेकून त्याने पेपर वाचला त्याच भिंतीपुढे तो दोन पावलं मागे सरून, मान तिरकी करून उभा असतो. असा एक प्रत्येक गल्लीत असतो. आमच्याकडे नाना आहेत.

नाना राहतात उज्जैनला, कार्तिक चौकाजवळच्या एका बोळात. विक्रम विद्यापीठाच्या परीक्षा विभागात त्यांची सगळी नोकरी झाली आणि ती अजून अंगातून गेलेली नाही. मुलगा बेंगळुरूला, मुलगी न्यू जर्सीत, आणि काकूंच्या गुडघ्यांचं नि जिन्याचं पटेनासं झालेलं. तेव्हा वाडा विकून फ्रीगंजात लिफ्टवाला फ्लॅट घ्यायचा असं घरात ठरलं. त्याला आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी ११ ऑक्टोबर २०२२ ला महाकाल लोकचं उद्घाटन झालं, दर्शनाला येणाऱ्यांचा लोंढा वाढला, जुन्या शहरातल्या प्रत्येक पडक्या घरात कुणा ना कुणाला होम-स्टे दिसायला लागला, आणि नानांच्या दाराशी पार्ट्या येऊ लागल्या.

दलालाचा फोन येतो. नाना फोन ठेवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि परीक्षा केंद्रावर भरारी पथक आल्याची बातमी ज्या आवाजात देत असतील त्या आवाजात म्हणतात, "पार्टी येणार आहे!"

मग जे सुरू होतं ते एकदा तरी पाहण्यासारखं आहे. ओट्यावर दोन बादल्या पाणी. स्कूटर शेजारच्यांच्या दारात. दोरीवरचे कपडे गोळा करून, ओले असले तरी, घडी. घरातले सगळे दिवे चालू, भर दुपारी, देवघरातल्या झीरोच्या बल्बासकट. बाकी जे जे नजरेत खुपतं ते, म्हणजे तुटका कूलर, पिंप, गहू निवडायची चाळण, औषधांची परडी, काकूंचं अर्धवट विणकाम, हे सगळं माडीवरच्या मागच्या खोलीत कोंबायचं आणि दाराला कडी घालायची. पार्टी कुठलीही असो, उज्जैनची, इंदूरची की थेट सुरतेची, ती हमखास त्या कडीशीच थांबते आणि विचारते, "इसमें क्या है?"

इथे दुसरा कोणी काहीतरी सांगून वेळ मारून नेईल. नानांना ते जमत नाही. सकाळपासून राबून जे लपवलं ते कुणी विचारताच कबूल करून टाकणं हा त्यांचा स्वभावधर्म आहे. "ती होय? अहो, काय आहे न, त्यात सगळा पसारा भरलाय. तुम्ही येणार म्हणून." आणि कडी काढून दाखवतात.

काकूंचा राग वेगळाच आहे. मोरीतला नळ त्यांच्या लग्नापासून टपटपतो आहे. त्या टपटपीवर दोन मुलं मोठी झाली. वॉशर बदल, वॉशर बदल म्हणून काकूंनी किती वेळा सांगितलं असेल त्याचा हिशोब कुठल्याच वहीत नाही. पहिली पार्टी यायची ठरली आणि नानांनी अर्ध्या तासात दौलतगंजातून वॉशर आणून नळ गप्प केला. त्या आठवड्यात फडताळाची झडप बसली, देवघरासमोरची हलती फरशी पक्की झाली, स्वयंपाकघरातली खिडकी उघडायला लागली. "म्हणजे ही खिडकी उघडत होती?" काकू म्हणाल्या. "परक्या बाईला वारा लागावा म्हणून उघडली. मी चाळीस वर्षं धुरात पोळ्या लाटल्या." यावर नाना काही बोलले नाहीत. पेचकस घेऊन दुसऱ्या खोलीत गेले. खरं तर या मुद्द्यावर बोलता येईल असा नवरा मी अजून पाहिलेला नाही. आपल्याकडे घराची डागडुजी दोनच वेळा होते, एक मुलीचं लग्न निघालं की आणि दुसरी घर विकायला काढलं की.

या सगळ्याला शास्त्रशुद्ध वळण दिलं ते न्यू जर्सीने. अमेरिकेत घर विकण्याआधी ते नाटकाच्या सेटसारखं मांडून देण्याचा एक स्वतंत्र धंदाच आहे, होम स्टेजिंग नावाचा. सिएटलकडच्या बार्ब श्वार्ट्झ नावाच्या बाईंनी तो १९७० च्या दशकात सुरू केला असं मानतात. तिथे रिकाम्या घरात भाड्याचा सोफा, भाड्याचे गालिचे, भाड्याची फुलदाणी आणून ठेवतात आणि घर विकलं की सगळं उचलून पुढच्या घरी नेतात. मुलीने व्हिडिओ कॉलवर बापाला नियम सांगितले. पसारा काढा. भिंतींना शांत, फिका रंग द्या. घरात काहीतरी ताजं भाजल्याचा वास येऊ द्या. आणि मुख्य म्हणजे घरातल्या माणसांचे फोटो उतरवा. पाहणाऱ्याला हे आपलंच घर आहे असं वाटलं पाहिजे.

"त्याला आपलं वाटावं म्हणून मी माझ्या आजोबांना खाली उतरवू?" नानांनी विचारलं.

"बाबा, तात्पुरतं."

आजोबा उतरले. पणजोबा, पगडीसकट, उतरले. नानांच्या मुंजीचा फोटो उतरला, ज्यात नाना कोणते हे ओळखण्यावरून घरात अजून दोन तट आहेत. तर प्रत्येक फोटोमागे भिंतीचा एक स्वच्छ चौकोन निघाला. बाकी भिंत धुराने पिवळी आणि मध्येच हे पांढरे चौकोन, त्यामुळे पूर्वज होते त्यापेक्षा जास्त ठसठशीत दिसायला लागले. मग रंग आला. रंगाऱ्याला नानांनी 'शांत, फिका' असं मराठीतून, हिंदीतून आणि हातवारे करून सांगितलं. त्याने मान डोलावली आणि सगळीकडे धर्मशाळेचा पिवळा दिला. "सिंहस्थ आ रहा है बाबूजी, अभी यही चल रहा है," असं त्याचं म्हणणं. रंगाने चौकोन गेले, खिळे राहिले. खिळे उपटले तर पोपडे निघाले. शेवटी पोपड्यांवर कॅलेंडरं लावली.

कॅलेंडरं दोन. उज्जैनच्या मराठी घरात ती दोनच असतात, एक कालनिर्णय आणि एक लाला रामस्वरूपचं. कारण या घरांत श्रावण दोन येतात. तिकडच्या पौर्णिमेला संपणाऱ्या महिन्याचा आधी, आणि आपला अमावास्येला संपणारा पंधरा दिवस मागून. महाकालाने हा तंटा केव्हाच मिटवून टाकला आहे. त्याची सोमवारची सवारी त्यांचा श्रावण लागला की सुरू होते आणि आपला श्रावण संपेपर्यंत चालते. शिंदेशाहीतला तो रिवाज अजून पाळला जातो. काकू दोन्ही श्रावणांतले सोमवार धरतात आणि नाना दोन्ही श्रावणांत साबुदाण्याची खिचडी खातात.

वासाचा प्रश्न मात्र काकूंनी एका वाक्यात निकालात काढला. "रोजच्याला लोणी कढवायला इथे काय म्हशी बांधल्यात?" तेव्हा पार्टी यायच्या दिवशी नाना गोपाळ मंदिराकडून गरम कचोऱ्या आणतात. वास येतो हे खरं, पण पार्टी दारात येईतो कचोऱ्या उरत नाहीत.

गाद्यांचं प्रकरण तर न्यू जर्सीलाही सुटलं नाही. माडीवर, आढ्यापर्यंत, गाद्यांची चळत आहे. दर बारा वर्षांनी सिंहस्थ आला की पुणे, नागपूर, बडोदा, ग्वाल्हेर इथून सगळे नातेवाईक क्षिप्रेत बुडी मारायला या घरात उतरतात. १९८० च्या गाद्या वेगळ्या, १९९२ च्या वेगळ्या, २००४ ला त्यातल्या काही पिंजून घेतल्या, २०१६ ला फोमच्या चार वाढल्या. मुलगी म्हणाली, आधी या गाद्या काढा, खोली दुप्पट मोठी दिसेल. नानांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की फोनचा पडदा क्षणभर गोठला की काय असं वाटलं.

"अगं, दोन हजार अठ्ठावीसला सिंहस्थ आहे. माणसं झोपतील कशावर?"

"बाबा, तुम्ही घर विकताय न?"

"विकतोय. पण गाद्यांचं काय?"

पार्टी प्रत्यक्ष आली की नानांचं भाषण सुरू होतं. त्याचे विभाग ठरलेले आहेत. पहिला इतिहासाचा. राणोजी शिंद्यांनी उज्जैनला राजधानी केली, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं, त्याच सुमारास आमचे मूळ पुरुष कोकणातून इथे आले. (इथवर ऐकायला बरं असतं. पण जुन्या उज्जैनीतल्या एकूण एक मराठी घराचे मूळ पुरुष त्याच सुमारास, बहुधा एकाच बैलगाडीतून, आलेले आहेत.) मग १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे राजधानी ग्वाल्हेरला घेऊन गेले, हे नाना अशा आवाजात सांगतात की त्या माणसाने निदान एकदा विचारायला हवं होतं. मग बायजाबाईंनी बांधलेलं गोपाळ मंदिर. मग याच शहरात राहून भीमबेटकाची चित्रं जगापुढे आणणारे वाकणकर. मग इथल्या शाळेत शिकलेले मुक्तिबोध.

एका पार्टीने नम्रपणे विचारलं होतं, "तो ये मुक्तिबोधजी ने कितने में लिया था?"

दुसरा विभाग भूगोलाचा. जुन्या ज्योतिषात रेखांशाची शून्य रेषा उज्जैनवरून जायची, अवघ्या भारताचं पंचांग इथून मोजायचे, सवाई जयसिंहाची वेधशाळा त्याची साक्ष आहे, म्हणजे जगाचा मध्य या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. चालतच जावं लागतं, कारण बोळात गाडी येत नाही. हे शेवटचं वाक्य पार्टीने विचारायच्या आत नाना स्वतःच जोडतात.

पूर्वी आणखी एक हुकमी मुद्दा होता. उज्जैनचा राजा महाकाल, त्यामुळे दुसरा कुठलाही राजा, म्हणजे आताचे मुख्यमंत्रीसुद्धा, इथे रात्री मुक्काम करत नाहीत. "जिथे मुख्यमंत्र्याला झोपायला मिळत नाही तिथे तुम्ही रोज झोपाल!" हे नाना टाळीच्या अपेक्षेने म्हणायचे. पण डिसेंबर २०२३ मध्ये उज्जैनचेच मोहन यादव मुख्यमंत्री झाले, मी राजा नाही, महाकालाचा मुलगा आहे, असं म्हणून इथे रात्री राहिलेही, आणि नानांचा एक मुद्दा कायमचा गेला. ते त्यांना दौलतरावांइतकंच लागलं आहे.

तिसरा विभाग खिडकीचा. माडीवरच्या पुढच्या खिडकीतून, मान डावीकडे काढून, जरा खाली वाकलं तर रामघाटावरून परतणारी महाकालाची पालखी कार्तिक चौकातून जाताना दिसते. पूर्ण दिसत नाही. पण दिसते. घराच्या किमतीत खिडकीचे पैसे नानांनी वेगळे धरलेत. श्रावणातल्या सोमवारी त्या खिडकीला बायका-मुलं लोंबकळत असतात, खाली बोळात मुंगीला वाट नसते, झांजा, ढोल आणि पोलिसांच्या शिट्ट्या एकदम वाजत असतात. नानांच्या मते घर पाहायचं तर त्या दिवशी. दलालाच्या मते तो दिवस सोडून कुठलाही.

आणि चौथा विभाग जिन्याचा, नानांचा सर्वांत आवडता. लाकडी, अंधारा, एका वेळी एक माणूस जाईल असा तो जिना आहे. त्याची सातवी पायरी इतरांपेक्षा बोटभर उंच. घरातल्या माणसाचा पाय तिथे झोपेतही बरोबर उचलला जातो, परका हमखास ठेचकाळतो. एकदा रात्री चोर आला होता आणि सातव्या पायरीवर आपटून, हातातला पितळी गडू टाकून पळाला, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. नाना प्रत्येक पार्टीच्या मागे जिना चढतात आणि मोठ्याने मोजतात. "पाच... सहा... सांभाळा हं, सातवी!" मिस्त्री म्हणाला होता, एका दिवसात सारखी करून देतो. मोरीचा नळ, फडताळ, फरशी, खिडकी सगळं दुरुस्त झालं. सातव्या पायरीला नानांनी हात लावू दिला नाही.

आता ओलीबद्दल. माजघराच्या उत्तरेच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते. रंग दिला तरी येते, पुट्टी भरली तरी येते. ती झाकायलाच कालनिर्णय तिथे आणलेलं. दलालाने बजावून ठेवलेलं असतं, बाबूजी, उस दीवार की तरफ देखना भी मत. नाना बघत नाहीत. पार्टी सगळं घर पाहते, चहा होतो, पार्टी खूश असते, उठायला लागते. नाना अस्वस्थ. चष्मा वर, चष्मा खाली. शेवटी राहवत नाही. "आता तुम्ही घेणार म्हणून सांगतो," असं म्हणतात, उठतात, आणि कालनिर्णय खिळ्यावरून काढून हातात धरतात. ओल दाखवतात. ती कधी सुरू झाली, वडिलांनी काय केलं होतं, शेजारच्यांची पन्हळ कुठे फुटली आहे, सगळं साद्यंत सांगतात. दलाल कपाळाला हात लावून ओट्यावर जाऊन बसतो. आत्तापर्यंत तीन दलाल बदलले. त्यातला एक अजून येतो, पण फक्त चहाला.

पार्टी गेली की नाना वही काढतात. परीक्षा विभागातल्या माणसाला वहीवाचून घटना घडलीशी वाटतच नाही. वहीत रकाने आखलेले आहेत: दिनांक, पार्टी, वर्तन, घराविषयी आस्था, शेरा. चपला दाराबाहेर काढल्या, गुण पाच. जिना चढताना वर पाहिलं, गुण दहा. देवघराशी थांबले, पाच. आधी भाव विचारला, वजा पाच. शेऱ्यांच्या रकान्यात 'कृपांक देऊनही अनुत्तीर्ण' असे शब्द मी स्वतः वाचले आहेत. एका पार्टीपुढे 'उत्तरपत्रिका कोरी' असं आहे. ते गृहस्थ सगळा वेळ मोबाइलवर बोलत होते.

एकच पार्टी आजवर प्रथम श्रेणीत आली. देवासचं एक शिक्षक जोडपं. बाईंनी खांबाच्या सागवानावरून हात फिरवला, कोनाडे मोजले, गाद्यांबद्दल कौतुकाने विचारलं, आणि ते गृहस्थ सातव्या पायरीवर ठेचकाळून वर हसलेसुद्धा. कालनिर्णय हातात आलं तेव्हा ते म्हणाले, ओल तर आमच्याकडेही आहे. नानांचे डोळे भरून आले. मग हळूच कळलं की त्यांची ऐपत मागितलेल्या किमतीच्या निम्मीही नव्हती. ते बँकेच्या कर्जाचा आकडा सांगत होते आणि नाना वहीत बघत होते. नानांनी त्याच रात्री किंमत उतरवायचं मनावर घेतलं होतं. काकू आडव्या पडल्या, बेंगळुरू आडवं पडलं, आणि घराच्या कागदपत्रांपासून लांब राहून हिश्शाच्या बाबतीत जागरूक असलेले दोन चुलतभाऊ फोनवर आडवे पडले. ते जोडपं आता दिवाळीला येतं. काकू त्यांना चकल्या बांधून देतात.

इंदूरचे दोन तरुण आले होते त्यांचं मात्र वेगळं. चांगली मुलं होती, बोलायला गोड. दाराशीच थांबून एकाने खिशातून लेझरचं यंत्र काढलं. त्याचा लाल ठिपका नव्या पिवळ्या भिंतीवरून फिरला, खांबावर चढला, कालनिर्णयाच्या एकादशीवर क्षणभर थांबला. "फ्रंट इक्कीस का है," तो दुसऱ्याला म्हणाला. "नीचे रिसेप्शन, ऊपर चार मंज़िल, हर मंज़िल पे चार अटैच." नाना पणजोबांपर्यंत पोहोचले होते. मुलगा आदबीने म्हणाला, "बाबूजी, आप तकलीफ मत लीजिए। मकान तो गिराना ही है।"

त्या दिवशी नानांचं भाषण पहिल्यांदाच मध्ये तुटलं. इतक्या दिवसांची पुट्टी, रंग, वॉशर, उतरवलेले आजोबा, सगळं ज्या पाहणाऱ्यासाठी होतं त्याला फक्त जमीन हवी होती. जुन्या शहरातल्या बहुतेक पार्ट्यांना तीच हवी असते, हे दलाल पहिल्यापासून सांगत होता. पण नाना चिडले नाहीत. ते म्हणाले, "गिराना है तो गिराओ भाई, पहले देख तो लो." आणि दोघांना बसवून, कचोरी खायला घालून, चारही विभाग, खिडकी, गाद्या, ओल, सगळं दाखवलं. जिन्यावर मोजलं नाही. सातवीवर एकजण चांगलाच आपटला, लेझरचं यंत्र घरंगळत खाली मोरीपर्यंत गेलं.

त्यांनी देऊ केलेला आकडा आजवरचा सर्वांत मोठा होता. वहीत शेरा आहे: 'अनुत्तीर्ण. पुनर्परीक्षेस अपात्र.'

"पैसे चांगले होते हो," काकू म्हणाल्या.

"होते. पण त्यांनी जिना मोजला, पाहिला नाही."

काकूंनी वाद घातला नाही. मोरीत नळ टपटपत नव्हता, खिडकीतून वारा येत होता, फडताळ लागत होतं. त्या आताशा गुडघ्यांची तक्रारही कमी करतात. पलंग खाली माजघरात आणला आहे. आजोबा-पणजोबा पुन्हा भिंतीवर गेले, पार्टी येणार असली की तेवढ्यापुरते उतरतात, आणि आता त्यांच्यामागे चौकोनही पडत नाही.

घर अजून विकायचं आहे, असं नाना स्वतः सांगतात. तुमच्यापैकी कुणाला घ्यायचं असलं तर जरूर जाऊन या. कार्तिक चौकात विचारलंत तर कुणीही दाखवेल. श्रावणातला सोमवार टाळू नका. चपला बाहेर काढा, भाव शेवटी विचारा, मोजपट्टी खिशातच राहू द्या, आणि कालनिर्णयाकडे पाहू नका, ते काढून दाखवतीलच. रजिस्ट्रीचा खर्च घेणाऱ्याकडे. गाद्या मात्र २०२८ चा सिंहस्थ होईपर्यंत माडीवरच राहतील, ही अट आहे.